हात मागे

लिफ्टचं दार मिटता मिटता आत एक पाय शिरला, पाठोपाठ तक्त्यांची भलीमोठी गुंडाळी आणि सगळ्यात शेवटी पायाची मालकीण. गुंडाळीचं टोक थेट आतल्या तरुणाच्या नाकावर आपटलं.

"अगं बाई! लागलं का हो?"

"छे... नाक काय, दुसरं येईल," तो नाक चोळत म्हणाला. "कितव्या मजल्यावर स्वारी?"

"चौथ्या. प्रशिक्षण विभाग. आज पहिलाच दिवस आहे माझा."

"अरेच्चा — माझाही!"

ती खुदकन हसली, आणि तिथंच घोळ झाला. मालाच्या गोदामांच्या त्या कंपनीत दोघंही शिकाऊ म्हणून आले होते. कामगारांना काम कसं शिकवायचं, हे वर्षभर शिकायचं, शेवटी विभागप्रमुख मॅडमसमोर एक वर्ग घ्यायचा, आणि नोकरी दोघांतल्या एकालाच.

तिला ती हवी होती, पण स्वतःच्या हिमतीवर. घरी दादा उठता-बसता ऐकवायचा, "वशिल्याशिवाय इथं पान हलत नाही, बघ." त्याचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं तिला.

मॅडमचा एक नियम फार कडक. शिकणारा कितीही चुकला तरी त्याच्या हातातलं काम आपण घ्यायचं नाही. हात मागे बांधायचे आणि तोंडानं सांगायचं. संध्याकाळी रिकाम्या वर्गात दोघं एकमेकांवर सराव करायचे. तिची पाळी आली की हा पठ्ठ्या खोक्याला चिकटपट्टी लावताना मुद्दाम गुंता करून ठेवायचा.

"बाईसाहेब, बोटं चिकटली."

"सोडवा आपली आपण."

"एवढीसुद्धा दया नाही?"

"हात मागे आहेत माझे."

"म्हणूनच तर जवळ यायचं धाडस होतंय..."

ती कानापर्यंत लाल व्हायची. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंही नाही. सपशेल प्रेमात पडली होती पोरगी.

परीक्षेच्या दिवशी आधी त्याचा वर्ग होता. समोर नवे कामगार, मागे मॅडम, कोपऱ्यात ती. पहिल्या रांगेतल्या मावशींना पट्टी सरळ लावता येईना. तो पुढे झाला, त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि खोकं स्वतःच बंद करून टाकलं. मग शेजारच्याचंही. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. कोपऱ्यात ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. वर्षभरात एकदाही हा असा चुकला नव्हता.

तिचा वर्ग चांगला झाला. जागा तिला मिळाली.

तिनं त्याला जिन्यात गाठलं. "मुद्दाम केलंस."

"काहीतरीच काय!"

"वर्षभर तुझे हात बघितलेत मी. मला फसवू नकोस."

तो कठड्याला टेकला. "हो... केलं. तुला ती जागा किती हवी होती, माहीत होतं मला. आणि मला तू हवी आहेस. फार आवडतेस गं."

याच शब्दांसाठी तिचा महिनोन्‌महिने जीव टांगणीला लागला होता.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "पण एक सांग. तू नीट शिकवलं असतंस, तरी मी जिंकले असते?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"म्हणजे... आता कसं सांगणार..."

"विचारायचं तरी होतंस मला. आता दादाचंच खरं ठरलं."

"चांगल्यासाठीच केलं ना मी!"

"हरले असते ना, तरी तुझी झाले असते," ती म्हणाली. "हसत हसत झाले असते."

तिनं डोळे पुसले आणि वर मॅडमकडे गेली. खरं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, निकाल दिलाय, आता बदलत नाही.

मग तिनं नोकरी धरली. त्याचे फोन येत राहिले, ती ते वाजून वाजून बंद होऊ द्यायची. तो आवडेनासा झाला असता, तर एखादा तरी उचलला असता तिनं.