शास्त्रीबुवांचं पत्र

"चोर सरूबाईच!" आबा वैशंपायन सोफ्यावरूनच ओरडले. "संध्याकाळी पोलिसांत देतो तिला."

हौशीरामनं जांभई दाबली. खासगी गुप्तहेर सारिका गराडेबरोबर, तिचा मदतनीस म्हणून, तो सकाळपासून वणवण करत होता. मोजे ओले, डोकं जड, आणि लोणावळ्याचं धुकं हटायचं नाव घेईना. त्यात आबांच्या पुतण्याचं हे बोलावणं!

आबांचे पूर्वज नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे शास्त्री. अठराव्या शतकात त्यांचं एका वेदान्त्याशी कडाक्याचं भांडण झालं. त्याबद्दलचं त्यांचं मोडी पत्र काल कपाटातून गेलं होतं.

"मावशी, चहा मिळेल?" हौशीरामनं घरकाम करणाऱ्या सरूबाईला विचारलं.

"न्हाई बाबा. आबांचा चहा डाक्टरनं तोडला, तवापास्नं घरात पत्तीच न्हाई."

सारिका कपाट न्याहाळत होती. कागदाला बुरशी धरू नये म्हणून पावसाळ्यात आत विजेचा दिवा जळत ठेवलेला. पत्राची जागा नेमकी दिव्यामागे.

"पत्र मीच काढून देते," सरूबाई डोळे पुसत म्हणाली. "आदी बटन बंद करायचं, दिवा निवू द्यायचा. न्हाईतर हात पोळतो. ताई, चोर म्हनून नाव झालं तर गावात, भाज्यात, तोंड कसं दाखवू?"

"दिवा मीच बसवलाय," पुतण्या प्रज्ञेश वैतागला. "पण मला मोडी येत नाही, पत्र घेऊन काय करू?"

मोडी वाचणारी अमृता फोनवर म्हणाली, "परवा सरूबाईंनीच पत्र हातात दिलं. मी वाचून दाखवलं, तर आबांनी ते लगेच आत ठेवायला लावलं."

सारिका वळली. आबांच्या हाताला टूथपेस्ट फासलेली होती.

"काय झालं हाताला?"

"काल चहा सांडला."

सारिका दमून खुर्चीत बसली. "या घरात चहा नाही, आबा. दिवा तापतो हे सरूबाईला ठाऊक, प्रज्ञेशला ठाऊक. अमृता कपाटाजवळ गेलीच नाही. पोळला तो, ज्यानं जन्मात आपल्या कपाटातून काही स्वतः काढलं नाही. आल्यापासून तुम्ही सोफ्यावरून हलला नाहीत. उठा बघू."

गादीखालून पत्र निघालं.

"शास्त्रीबुवा वाद जिंकले, असं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात," सारिका म्हणाली. "अमृतानं वाचलेलं मला फोनवर सांगितलं, ते वेगळंच. ते हरले, भर सभेत वेदान्त्याला शिव्या दिल्या, आणि मग या पत्रातून त्याची माफी मागितली."

"घराण्याची लाज गेली असती," आबा पुटपुटले.

हौशीरामला संताप आला, पण बोलली सरूबाईच.

"त्यांनी लिवून माफी मागितली, आबा. तुमी नुसतं तोंडानं मागा."

आबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. सरूबाईनं चपला घातल्या.

"चला मावशी," हौशीराम उठला, "भाज्याला सोडतो."