भट्टीपासून लांब

२०१४ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती, आणि फटाक्यांच्या धुराने खोकणारं अर्धं पुणं छातीच्या दवाखान्यात येऊन बसलं होतं. मिसबा तिथे श्वास तपासायची. त्या गर्दीतून बेकरीवाला इरफान आत आला... भुवयांवर मैदा, हातात गरम पावांची पुडी.

"इथे खायला मनाई आहे."

"मग तुमच्यासाठी ठेवतो."

"आधी फुंका. हळू... एका लयीत. पडद्यावरचा फुगा वर जायला नको, पडायलाही नको."

फुगा तिसऱ्यांदा पडला.

"तुम्ही समोर असल्यावर कसं जमणार?"

"भिंतीकडे बघा. तिला सवय आहे."

आकडा आला अठ्ठ्याहत्तर. सुजलेल्या श्वासनळ्या नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतात, त्याचाच हा आकडा, पंचविसाच्या आत हवा, तिने समजावलं. "वायू वाईट नाही हो. बेतात असला की रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतो. अति झाला, सुजेतल्या तापट ऑक्सिजनशी गाठ पडली, की पेशीच जाळतो."

"म्हणजे भट्टीच की! बेतात असली तर पाव, नाहीतर कोळसा."

मिसबाला हसू आवरेना.

औषधं बदलली, आकडा उतरेना. दर खेपेला तो आला, पुडी आली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. डॉक्टरांना मैद्याचा संशय होता. "महिनाभर भट्टीपासून लांब राहून बघ," हे मिसबानेच त्याच्या गळी उतरवलं. तो हर्णैला मामांकडे गेला.

परतला तो उन्हाने रापून. एका दमात फुंकला. फुगा जागचा हलला नाही. चौदा.

"परत फुंक."

परत चौदा.

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना..." ती यंत्राचा पडदा पुसत राहिली. पडदा स्वच्छच होता.

"आजोबांपासूनची भट्टी आहे, मिसबा. पुण्यात राहायचं तर तीच. तू म्हण, मी थांबतो. पंप ओढत राहीन."

थांब म्हणायला कितीसा वेळ लागतो? शब्द तिच्या ओठांपर्यंत आला.

"जा," ती म्हणाली.

"मग तू चल."

"अब्बांचे डोळे गेलेत. कसब्यातली प्रत्येक पायरी त्यांच्या पायांना पाठ आहे. तिथे नेलं तर ते दुसऱ्यांदा आंधळे होतील, इरफान."

तो टेबलावर पुडी ठेवून उठला. तिने सवयीने हात लावला... गार होती. आत कोकणातली आमसुलं होती.

इरफान हर्णैलाच राहिला. मामांच्या मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानात बसला. पुढे तिकडच्याच सिताराशी त्याचा निकाह झाला. भट्टी चुलतभावाने विकली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. अब्बा काही वर्षांनी गेले, आपल्याच गल्लीत, आपल्याच अंथरुणावर. मिसबा एकटीच आहे. अजून लोकांना 'हळू, एका लयीत' सांगते.

ईदला त्याचा फोन येतो. तो दवाखान्यातल्या सगळ्यांची चौकशी करतो. ती एवढंच विचारते,

"दम लागतो?"

"नाही गं."

"मग बरं."

आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ भिंतीकडे बघत बसते.