टोपीमागची खुर्ची

"ओ, जरा बाजूला व्हा ना. काही दिसत नाहीये."

टॅड गॅब्रिश भिंतीवरच्या, खुर्च्यांच्या नकाशासमोर थिजला. थंडीने नव्हे, आवाजाने. गेले दोन उन्हाळे हेच वाक्य त्याच्या मानेवर येऊन आदळत होतं. स्टेडियमच्या सातव्या रांगेत तो, आठव्या रांगेत ती. टॅड सव्वासहा फुटांचा, त्यावर टोपी… मागच्या माणसाने बेसबॉल बघायचा तरी कसा? ती स्कोअर लिहायची आणि दर सामन्यात एकदा तरी तिची पेन्सिल घरंगळत त्याच्या पायाशी यायची. तो ती उचलून, मागे न बघता, खांद्यावरून मागे धरायचा. "थँक्यू, टोपी," एवढंच ती म्हणायची. वळून बघायची टॅडची कधी छाती झाली नाही.

आज वळावंच लागलं. लाल झालेलं नाक, निळी लोकरी टोपी, काखेत जाडजूड वही. आणि डोळे असे, की टॅड बाजूला व्हायचंच विसरला.

जानेवारीतला शेवटचा शनिवार होता. ईरी सरोवरावरून येणारा वारा कान कापून नेत होता, तरी हेरॉन्स संघाच्या स्टेडियममध्ये दीडदोनशे माणसं कॉफीचे कप सांभाळत खुर्च्यांवरचा बर्फ झाडत फिरत होती. बेसबॉलवेड्यांचा हिवाळा असाच जातो. आधी कोण खेळाडू कुठल्या संघात जाणार याच्या वावड्या, मग नवं वेळापत्रक, मग फेब्रुवारीत चेंडू टाकणारे-झेलणारे पिचर-कॅचर फ्लोरिडाला सरावासाठी पोचले की यांचा सण. आणि मध्ये हा एक दिवस. ज्याला आपली हंगामभराची राखीव खुर्ची बदलायची असेल त्याने यायचं, पिवळी चिठ्ठी लावलेल्या मोकळ्या खुर्च्यांवर बसून बघायचं, आणि पसंत पडेल तिची चिठ्ठी फाडून तिकीटखिडकी सांभाळणाऱ्या मिसेस ओडेलच्या हातात द्यायची. दोन वाजता शिट्टी वाजली की संपलं.

टॅडला खुर्ची बदलायची नव्हती. चार महिने मैदानाचा उपास घडला होता, म्हणून तो नुसता बघायला आला होता.

"तुम्हाला कुठली हवी?" आज टोपीऐवजी डोक्याला-मानेला गुंडाळलेल्या मफलरच्या आतून त्याने विचारलं.

"आठवी रांग सोडून कुठलीही. माझ्या पुढे एकजण बसतो. माणूस नाहीये तो, विजेचा खांब आहे."

फ्लोरिडाचा सराव सुरू व्हायला सतरा दिवस होते, त्याची टॅडला आता काही पडली नव्हती. ही मात्र दोन वाजता हातची जाणार होती. 'तो खांब मीच' असं सांगून टाकायला हवं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"चला, मी मदत करतो. इथली खुर्चीन् खुर्ची मला ठाऊक आहे."

तिचं नाव डेलिया होतं. पहिली खुर्ची तिला एका नजरेत आवडली.

"दुपारचं ऊन थेट डोळ्यांत येतं," टॅड म्हणाला.

दुसरीवर बसून तिने पाय ताणले. "ही मस्त आहे."

"इथे सीगल पक्षी येतात. हातातले फ्राइज घेऊन जातात."

तिसरी बॅटरच्या अगदी मागे होती. याहून चांगली जागा अख्ख्या स्टेडियममध्ये नव्हती, हे शेंबडं पोरही सांगेल.

"जाळी आहे पुढे," टॅड म्हणाला.

"मग?"

"जाळीतून बघून बघून डोळे तिरळे होतात. माझ्या काकाचे झाले."

"अच्छा… आणि काका काय करतात?"

"चष्म्याचं दुकान आहे."

डेलिया इतकी हसली की तिच्या कपातली कॉफी बर्फावर सांडली. ते हसू बघून टॅडला आपल्या खोटेपणाची लाज वाटली, आणि आणखी दोन खुर्च्यांना नावं ठेवायचा हुरूपही आला.

"अरे पोरा," खालून मिसेस ओडेल ओरडल्या, "तिला एक तरी आवडू देशील की नाही? वीस मिनिटं राहिलीत."

अकराव्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत मात्र खोट सापडेना. ऊन नाही, सीगल नाहीत, जाळी नाही. डेलियाने चिठ्ठीला हात घातला.

"थांबा… इथेही पुढे उंच माणूस आला तर?"

"मग बसा बघू तुम्ही पुढे. तुम्हीही काही बुटके नाही."

तो बसला. तिने मागे वही उघडली.

"थोडं डावीकडे… अजून… हं. अगं बाई."

हातमोज्यातून पेन्सिल निसटली आणि घरंगळत त्याच्या बुटाशी आली. टॅड वाकला, उचलली आणि मागे न बघता खांद्यावरून मागे धरली.

कोणी ती घेतली नाही.

"…टोपी?"

टॅडने डोळे मिटून घेतले.

"कधीपासून ऐकून घेताय?"

"विजेच्या खांबापासून."

"आणि ते सीगल?"

"सीगल खरे आहेत. काका नाही. मला काकाच नाही." आता तो वळला. "लोक विचारतात, हिवाळाभर कशाची वाट बघतोस? मी सांगतो, पिचर-कॅचरची. ते खोटं आहे. माझ्या मानेवर कोणी खेकसत नाही, म्हणून मला चार महिने चैन पडत नाही. तुम्ही तुमच्याच खुर्चीवर राहा. मी जातो वर, शेवटच्या रांगेत. तिथे माझ्यामागे भिंतच आहे."

डेलियाने पानं उलटली आणि वही त्याच्यासमोर धरली. अकरा ऑगस्ट. स्कोअरचे सगळे चौकोन स्वच्छ, एक खाडाखोड नाही. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आज टोपी आली नाही. सगळं स्पष्ट दिसलं. करमलं नाही.'

टॅडने ते दोनदा वाचलं. "त्या दिवशी… माझी अक्कलदाढ काढली होती."

"तरीच."

"मग खुर्ची बदलताय कशाला?"

"बाकीची पानं बघा ना." बाकीची पानं खोडून खोडून विरली होती. "दहा वर्षं स्कोअर लिहितेय, कधी चुकले नव्हते. तुमच्या मानेवर डाव्या बाजूला एक तीळ आहे. पाचव्या इनिंगनंतर मी तोच बघत बसते. माझी वही नासली तुमच्यामुळे."

बोलून गेल्यावर तिचं नाक आणखी लाल झालं.

खाली मिसेस ओडेलनी शिट्टी ओठांना लावली. डेलिया उठली आणि पायऱ्या उतरत धावत सुटली, टॅड घसरत तिच्यामागे. ती आठव्या रांगेशी थांबली नाही. सातवीत शिरली. टॅडच्या शेजारचे म्हातारबुवा ॲरिझोनाला राहायला गेले होते, त्यांच्या खुर्चीवर पिवळी चिठ्ठी फडफडत होती. तिने ती फाडली.

"ही?" मिसेस ओडेलनी चष्मा वर केला. "इथे डावीकडे खांब येतो हं मध्ये."

"खांबाची सवय आहे मला."

टॅड धापा टाकत शेजारी येऊन बसला. खुर्चीवरचा बर्फ झाडायचं त्याला सुचलं नाही, त्यामुळे त्याची पँट भिजली. पेन्सिल अजून त्याच्या मुठीतच होती.

"आता ही पडली, तर?" त्याने विचारलं.

"तर माझ्याकडे बघून दे," डेलिया म्हणाली.