परक्याला दिलेला रोट

अंटार्क्टिकाला निघालेल्या माणसाची चप्पल मेहरूणच्या चिखलात तुटली, आणि तीसुद्धा नेमकी कोकिळाच्या दारात.

"एक पिन मिळेल का?" तो म्हणाला. एक पाय चिखलात, एक हवेत... नुसता बगळा.

कोकिळाला हसू आवरेना. बावीस वर्षांच्या, नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या मुलीने परक्या माणसाला असं हसू नये म्हणे. पण दारात बगळा उभा राहिला तर काय करायचं? तिने बांगडीत अडकवलेली पिन काढून दिली. तेवढ्यात पावसाची भुरभुर वाढली आणि इंदिरा काकूने त्याला ओसरीवर बोलावलं. काकूचं माहेर शिरपूरचं, त्यामुळे तिची अहिराणी कुणासाठी थांबत नाही.

"कोठला शे रे भाऊ तू?"

"नरडाण्याचा. कौतिक. पुण्याला हवामान खात्यात आहे. इथे माझ्या कॉलेजच्या सरांच्या पाया पडायला आलो होतो. डिसेंबरात अंटार्क्टिकाला जायचंय."

"ते कोनता तालुकामा शे?"

"लई दूर शे, काकू."

"तठे काय पिकस?"

"काहीच नही. बठ्ठा बरफ."

"मंग जास कसाले?" असं म्हणत काकू चहा टाकायला आत गेली.

आता ओसरीवर दोघंच. आणि पाऊस.

"खरंच जाणार?" कोकिळाने विचारलं. "कसं जातात तिथे?"

"गोव्याहून जहाजाने. आठवडेच्या आठवडे नुसतं पाणी. पुढे समुद्र इतका खवळतो की एका हाताने ताट धरायचं, दुसऱ्याने भिंत."

"मग जेवायचं कशाने?"

"हे... कुणी सांगितलंच नाही."

ती पुन्हा हसली. तोही हसला, आणि मग हळू आवाजात सांगत राहिला. बर्फ लागला की जहाज अडतं. तिथून हेलिकॉप्टर. खाली पांढरं, वर पांढरं, आपण वर चाललोय की खाली तेही कळत नाही म्हणे. मग त्या पांढऱ्यात एक ठिपका दिसतो. तेच आपलं स्टेशन.

"भीती नाही वाटत?"

"तिकडची नाही," तो म्हणाला, आणि उगीच चपलेकडे बघत बसला.

कोकिळाचे कान तापले.

चहा झाला. गाडीची वेळ झाली. भुकेला जाईल बिचारा, म्हणून तिने दुरडीतले दोन रोट कागदात बांधले आणि त्याच्या हातात दिले. "गाडीत खा."

समोरून आलेल्या रिक्षात बसून तो गेला. ती दारातच उभी... आणि आतून काकूचा आवाज आला.

"कोकिळे, दुरडीमाना रोट कोठे गयात?"

श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीचं विसर्जन कालच झालं होतं. कानबाईचा रोट, म्हणजे तिच्या प्रसादाची जाड पोळी, फक्त घरच्यांनी खायचा, पुनवेच्या आत संपवायचा. परक्याला द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. हे खानदेशात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण समोर कुणी जहाज आणि हेलिकॉप्टर सांगत असेल तर, खरं सांगा, कुणाला आठवेल?

"परका मानूसले दिना?" काकूने कपाळावर हात मारला. "आते त्यानी खादा व्हई तं तो आपला भाऊबंद व्हयना. तुना भाऊ. पुनीले राखी बांध त्याले."

राखी. त्याला.

कोकिळाने भावाची सायकल काढली. छत्री नाही, काही नाही. मेहरूणपासून स्टेशनपर्यंत तिने ब्रेक एकदाही दाबला नाही.

सुरत पॅसेंजर फलाटाला लागलेली. खिडकीत तो. मांडीवर कागद सोडलेला, हातात तुकडा, तुकडा तोंडाजवळ...

"थांबा. खाऊ नका."

तो दचकला. उतरून खाली आला. "का? मीठ विसरलात?"

"खाल्लंत का?"

"आता खाणार होतो."

"द्या ते इकडे."

"दिलेलं परत घेतात होय तुमच्या मेहरूणला?"

"तो कानबाईचा रोट आहे," ती धापा टाकत म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं. "खाल्लात तर भाऊबंद व्हाल आमचे. मग पुनवेला... मला राखी बांधावी लागेल."

कौतिकने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"आणि नाही खाल्ला तर?"

"तर नाही बांधावी लागणार."

"म्हणून एवढ्या पावसात आलात?"

तिने मान खाली घातली नाही... बघतच राहिली सरळ.

त्याने तुकडा कागदात ठेवला, पुडी नीट बांधली आणि तिच्या हातात दिली.

"घ्या. उपाशी जाईन, पण भाऊ म्हणून जाणार नाही."

गार्डाची शिट्टी झाली. तो डब्याच्या दारात चढला.

"आमच्याकडेही कानबाई बसते, पण तुम्ही दिलात आणि रोट ओळखायचाच राहिला," तो घाईघाईने म्हणाला. "मार्चअखेर जहाज परत येईल. मग आई-नानांना तुमच्याकडे पाठवू का?"

"कशाला?" तिने मुद्दाम विचारलं.

"पुढच्या श्रावणात तुम्हाला इथला रोट चालू नये म्हणून."

गाडी हलली. कोकिळा बाकावर बसली, मांडीवर पुडी उघडली, आणि त्याला दिसेल असा मोठ्ठा तुकडा मोडला.

"मग यंदाचा पोटभर खाऊन घेते," ती म्हणाली, आणि घास तोंडात घातला.