सही तुझीच आहे, ताई!

"हं, इथं सही कर बाळ, आणि उद्या सातला गेटवर ये," असं म्हणत मामाने कागद भाचीपुढे सरकवला मात्र, आणि स्वयंपाकघरातून धावत आलेल्या तिच्या आईचा, म्हणजे त्याच्या ताईचा, डावा हात त्या कागदावर असा आदळला की पेन घरंगळत खाली गेलं!

"आधी वाचून दाखव," ती म्हणाली.

"अगं, नेहमीचाच नमुना आहे..."

"नेहमीचाच आहे म्हणूनच वाच!"

मामा वाचेना, तेव्हा लेकीनेच वाचलं. कामाचे तास, रजा, गणवेश... आणि मग नववं कलम. 'काम करताना इजा झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही व मी कोणताही दावा करणार नाही.'

ताईने डोळे मिटले. हे शब्द तिला पाठ होते. चौदा वर्षांपूर्वी याच धुलाईच्या कारखान्यात, इस्पितळांच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळांत, चादरीबरोबर तिचा उजवा हात ओढला गेला होता. रुळांपुढची जाळी, काम लवकर उरकावं म्हणून, साहेबांनीच काढायला लावली होती. तीन बोटं गेली, महिन्याभरात नोकरीही गेली, आणि ज्याला शिकवण्यासाठी तिने स्वतःची शाळा सोडली, तो हाच भाऊ, त्याच कंपनीतला कारकून, तिच्या खाटेशी बसून हळूच म्हणाला होता, "आता काही करता येणार नाही. सही तुझीच आहे, ताई."

आणि तिने ते मानलं होतं! सही म्हणजे दिलेला शब्द, आणि शब्द मोडायचा नसतो, एवढंच त्या भाबड्या जीवाला ठाऊक. नवरा आधीच गेलेला. डाव्या हाताने लोकांची भांडी घासत तिने लेक वाढवली, आणि दोष दिला तो फक्त स्वतःच्या नशिबाला.

"ही सही करणार नाही," ती म्हणाली.

"ताई, किती मिनतवाऱ्या करून जागा मिळवलीय मी!" मामा काकुळतीला आला. "कागदाचं काय घेऊन बसलीस? सगळ्याच करतात. अन् खरं सांगू का, त्या कलमाला काही अर्थ नसतो. कायद्यानं दिलेला हक्क असा सही करून सोडताच येत नाही. कामगार न्यायालयात हे एक दिवस टिकायचं नाही!"

तो बोलून गेला... आणि काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

"मग माझ्या वेळी टिकलं कसं रे?" ताईचा आवाज चढला नाही. म्हणूनच तो ऐकवेना.

"ताई..."

"तुला तेव्हाही माहीत होतं?"

मामाची मान खाली गेली. "मी हंगामी होतो तेव्हा. साहेब म्हणाले, बहिणीनं दावा लावला तर तुझं कायम व्हायचं विसर... मला वाटलं, एकदा मी कायम झालो की तुलाही सांभाळीन..."

"सांभाळलंस हो! सांभाळलंस! दर रविवारी डबा घेऊन यायचास, आणि मी चार बायकांत सांगायचे, भाऊ असावा तर असा!" हात भाजला तेव्हाही जी रडली नव्हती ती ताई आज ओक्साबोक्शी रडली. "जा... माझ्या डोळ्यांपुढून जा!"

पुढच्याच आठवड्यात लेक तिला कामगार कार्यालयात घेऊन गेली. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हक्क सहीनं जात नाही, मावशी. पण मुदत जाते. इतका उशीर माफ व्हायचा, तर तुमची दिशाभूल झाली हे कंपनीतल्याच कुणीतरी सांगायला हवं. आहे असं कुणी?"

"नाही," ताई घाईघाईने म्हणाली. "कुणी नाही."

जिन्यात लेकीचा बांध फुटला. "आई, अजूनही त्यालाच वाचवतेस?"

"त्याची पोरं शिकतायत गं. माझी बोटं काही परत फुटायची नाहीत."

"आणि बाकीच्या बायका? ती जाळी अजून बसवलेली नाही! गेटवर जाऊन विचारलंय मी, तुझ्यानंतर आणखी दोघींचे हात गेलेत, आई. दोघींनाही तीच सही दाखवली!"

ताई मटकन पायरीवर बसली. आपलं गप्प बसणं फक्त आपल्यालाच भोवतंय, असं ती इतकी वर्षं समजत आली होती... आणि त्या दोघी?

त्याच संध्याकाळी ती भावाच्या दारात उभी राहिली. "मी तुझं नाव देणार आहे. तुझ्यामागून करायचं नव्हतं, म्हणून सांगायला आले."

"नाव देऊ नकोस," तो म्हणाला. "मीच येतो."

आणि तो आला. भर न्यायालयात त्याने साहेबांचं बोलणं सांगितलं, जाळीचं सांगितलं. कंपनीच्या वकिलाने खोचकपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटं बोलता, हे कबूल आहे तुम्हाला?"

"बहिणीशी बोललो होतो. इथं नाही."

नववं कलम रद्द झालं. रुळांपुढे जाळी बसली. ताईचा उशीरही माफ झाला. पण कंपनी वरच्या कोर्टात गेली, आणि तिचा दावा तिथेच लोंबकळत राहिला. भावाला कामावरून काढल्याचं पत्र मात्र आठवड्यात हातात पडलं. ते घेऊन तो तिच्या दारात आला.

"ताई, काढलं मला."

"कळलं."

"मला... माफ करशील?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. किती पिकला होता हा! तिचं काळीज गलबललं, पण खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"नाही रे," ती म्हणाली. "आज तरी नाही. उद्याचं मला माहीत नाही."

तो मान हलवून वळला. दोन पायऱ्या उतरलाही असेल.

"कंपनीची खोली कधी सोडायचीय?"

"आठ दिवसांत."

"मग आठ दिवस कशाला थांबतोस? उद्याच सामान आण. बायको-पोरांना घेऊन ये. दाटीवाटीनं राहू." ती जरा थांबली. "पोरांना शाळा लांब पडेल इथून. लवकर उठवावं लागेल, एवढंच."

भाऊ तिथेच पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडू लागला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही... पण त्याचं रडू ओसरेपर्यंत ती दारातून हललीही नाही.