टायरातली हवा, फाटकाची गाठ

"मामा, हे नको! ते रुंद टायर लाव ना!" सोलरून ओरडली.

ग्रीमुरमामानं ढुंकूनही पाहिलं नाही. शेडमध्ये त्याची व्हॅन जॅकवर उभी होती आणि तो तिला नवेकोरे, अरुंद, खिळेवाले टायर चढवत होता. टायरभर लोखंडी खिळ्यांची टोकं चमकत होती. त्यानं हवा अशी ठासून भरली की टायर दगडासारखे टणक झाले.

"तुला काय कळतं गं टायरातलं?" तो म्हणाला. "यांचा आवाज ऐकलायस? डांबरी रस्त्यावर कडाकडा वाजतात! सगळ्या खोऱ्याला कळतं, ग्रीमुर आला!"

"काचेसारख्या बर्फाला नखं लागतात आणि भुसभुशीत बर्फाला पंजा लागतो," केटिलनं आजोबांचं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. केटिल म्हणजे सोलरूनचा धाकटा भाऊ. तोंड मिटून बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. "खिळे म्हणजे नखं, मामा. तुझा पंजा तो बघ, कोपऱ्यात धूळ खातोय."

"माझ्या व्हॅनची चारही चाकं फिरतात, समजलं? पंजा तुझ्या बहिणीच्या मेंढीला लाव! अरे हो, मेंढी आहेच कुठं? कोल्ह्यानं खाल्ली नाही का!"

आणि स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. सुट्टीसाठी रेक्याविकहून आलेली त्यांची मावसबहीण ब्रिन्याही फिस्सकन हसली. मग तिनं सोलरूनचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

ती मेंढी म्हणजे मोरा. तपकिरी, आडदांड आणि हट्टी. कोकरू असतानाच तिची आई मेली, तेव्हा सोलरूननं तिला स्वयंपाकघरात बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. सप्टेंबरात सगळं खोरं डोंगरावर जातं आणि उन्हाळाभर मोकाट चरलेल्या मेंढ्या खाली आणतं. यंदा मोरा खाली आलीच नाही. वरची घळ धुंडाळायचं काम ग्रीमुरमामाकडे होतं. "घळ रिकामी आहे, एक शेपूटसुद्धा नाही," असं त्यानं सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं. त्याला आता महिना उलटून गेला होता.

"डोमकावळे आजही घळीवर फिरताहेत," बाहेर आल्यावर ब्रिन्या म्हणाली. "मी दुर्बिणीतून पाहिलं."

"रिकाम्या जागेवर डोमकावळे घिरट्या घालत नाहीत," सोलरून म्हणाली. "मला तिथं जायचंय. आजच! संध्याकाळी वादळ येणार आहे."

"मामा कशाला नेतोय!" ब्रिन्या म्हणाली.

"नेईल की!" केटिलनं डोळा मारला. "त्याच्या व्हॅनला नावं ठेवली ना, की तो चंद्रावरसुद्धा नेईल!"

दुपारच्या कॉफीला शेजारची थोरदीसकाकू आली होती. आजोबा सुक्या माशावर लोणी थापत होते. आजोबा म्हणजे खोऱ्याचे डोंगरराजा. मेंढ्या आणायला निघालेली माणसं डोंगरावर त्यांच्याच हुकमानं चालत. येत्या वर्षी तो मान आपल्याकडे येणार, असं ग्रीमुरमामा आत्तापासून सांगत सुटला होता.

"आजोबा," केटिल तोंडात घास घोळवत म्हणाला, "थोरदीसकाकू म्हणते, मामाची व्हॅन घळीपर्यंत पोचूच शकत नाही!"

थोरदीसकाकू असं काहीच म्हणाली नव्हती. तिनं केटिलकडे पाहिलं, मग मामाकडे. "म्हटलं असेन बाई," ती म्हणाली. "खोटं आहे का?"

"मग जाऊन दाखव की, ग्रीमुर," आजोबा म्हणाले. "पोरांनाही फिरवून आण."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. पण चारचौघांत नाही कसं म्हणणार?

बर्फ हटवलेला रस्ता संपतो तिथं आमच्याकडे जो तो गाडी थांबवतो, उतरतो आणि चारही टायरांतली हवा सोडतो. मऊ पडलेला टायर पसरतो आणि बर्फावर तरंगल्यासारखा चालतो. हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

मामा थांबलाच नाही! त्यानं तसाच ॲक्सिलरेटर दाबला. टणक टायर सुरीसारखे बर्फात घुसले. व्हॅन रुतली. मामानं आणखी दाबलं. चारही चाकांनी गरागरा फिरून चार खड्डे खणले आणि व्हॅन पोटावर बसली.

"झालं! रुतली!" मामा म्हणाला. आणि तो चक्क खुशीत होता!

"मामा, हवा सोड ना!"

"नवे टायर आहेत माझे! रिमवरून निसटले म्हणजे? मी ट्रॅक्टर आणतो. कुणी जागचं हललं तर कानाखाली आवाज काढीन!"

हीटरसाठी इंजिन चालू ठेवून तो घराकडे चालू लागला.

"त्याला गाडी रुतवायचीच होती," ब्रिन्या हळूच म्हणाली. "मी शहरातली आहे, पण एवढं मलाही दिसलं."

"पण का?" केटिलनं विचारलं.

सोलरून उत्तर द्यायला थांबली नाही. तिनं दार उघडून बर्फात उडी मारली. "केटिल, हवा सोड! ब्रिन्या, फावडं घे!"

केटिलनं वाल्वमध्ये काडी रोवली. फुस्सss! थंडीनं त्याची बोटं वाल्वला चिकटली आणि कातडी सोलून निघाली. तो रडला, पण चारही टायर करून मगच थांबला. रबराला बाजूनं सुरकुत्या पडल्या. ब्रिन्यानं चाकांपुढचा बर्फ उपसला. सोलरून स्टिअरिंगवर बसली. गवतकापणीच्या दिवसांत ती शेतात ट्रॅक्टर चालवायची.

"पाय पोचतात का तुझे?"

"पोचवते!"

तिनं दुसरा गिअर टाकला आणि क्लच अलगद सोडला. झटका नाही, ब्रेक नाही. व्हॅन थरथरली, मागं सरली, पुढं आली आणि हळूहळू खड्ड्यातून वर चढली!

"चालली! चालली!"

मागं दूरवर मामानं वळून पाहिलं. तो हातवारे करत धावत सुटला आणि तोंडावर आपटला.

"मामा पडला! पुन्हा पडला!" केटिल किंचाळला आणि तिघंही पोट धरून हसली. त्या दिवशी ती पुन्हा हसली नाहीत.

घळीच्या तोंडाशी जुनी झोपडी होती आणि तिच्यामागं दगडी मेंढवाडा. भिंतीवर डोमकावळे बसले होते. इतके गलेलठ्ठ की गाडी पाहूनही उडाले नाहीत.

आत मेंढ्या होत्या. बहुतेक आडव्या पडलेल्या, अर्ध्या बर्फाखाली. गवत मुळापासून ओरबाडलेलं. भुकेपोटी त्यांनी एकमेकींची लोकर उपटून खाल्ली होती. ब्रिन्या मागं फिरली आणि ओकली.

"मोरा!" सोलरूननं हाक मारली. "मोराss!"

कोपऱ्यातली हडकलेली तपकिरी मेंढी हलली. ती लडखडत उठली आणि आवाजाच्या दिशेनं आली. तिचा एक डोळा कावळ्यांनी नेला होता. सोलरून भिंत चढून आत उतरली आणि तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली.

केटिल फाटकापाशी उभा होता. फाटक बाहेरून नारिंगी दोरीनं बांधलेलं होतं. त्यानं गाठ ओढली, दातांनी चावली. ती तसूभरही हलेना.

"कोल्हा गाठ मारतो का गं?" त्यानं विचारलं.

तिघांनी मिळून मोराला भिंतीवरून बाहेर काढलं, तोच ट्रॅक्टरचा आवाज आला. थोरदीसकाकू चालवत होती. शेजारी आजोबा आणि मागं लटकलेला मामा.

"बघितलंत, बाबा? माझी गाडी पळवली या कार्ट्यांनी! चोर आहेत, चोर!"

आजोबांनी भिंतीपलीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग ते फाटकाशी आले.

"ग्रीमुर, ही गाठ सोड."

"मला कशी सुटेल? गोठलीये ती..."

"सोड."

मामानं हातमोजा काढला. दोरीच्या एका वळशाखाली बोट घातलं, पीळ दिला आणि दोरी गळून खाली पडली! मामा आपल्याच हाताकडे बघत राहिला.

"धुकं आलं होतं, बाबा," तो पुटपुटला. "म्हटलं, आत कोंडतो, झोपडीत पडतो, सकाळी नेतो. सकाळी अंग मोडून आलं होतं. दोन दिवसांनी येईन म्हटलं. मग बर्फ पडला. मग सांगणार कसं?"

"तोंडानं," थोरदीसकाकू म्हणाली. कानांना तिच्या मालकीच्या खुणेचे काप असलेली मेंढी फाटकाच्या आत, तिच्या पायाशीच मरून पडली होती.

"सांगितलं असतंस तर त्याच दिवशी सगळं खोरं इथं आलं असतं," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणूनच मुलांना जास्त भीती वाटली. "तू डोंगरराजा होणार नाहीस. मी जिवंत असेपर्यंत तू डोंगरावर पाऊलही टाकायचं नाहीस. आता ऐक. ज्या जगणार नाहीत त्यांना तू गोळी घालून सोडवायचं. मेलेल्या मेंढ्या तुझ्या व्हॅनमध्ये तू भरायच्या. आणि ज्याच्या खुणेचे कान, त्याच्या दारात तूच नेऊन ठेवायच्या."

"बाबा, लोक काय म्हणतील?"

"ते लोकच सांगतील."

मुलांना झोपडीमागं पाठवलं. थोरदीसकाकूनं ट्रॅक्टरमधली बंदूक मामाच्या हाती दिली आणि थोड्या वेळानं गोळ्यांचे आवाज ऐकू आले. प्रत्येक आवाजाला सोलरूननं मोराचे कान घट्ट दाबून धरले.

मग आजोबा आले आणि व्हॅनच्या टायरपाशी वाकले.

"हवा कुणी सोडली?"

"मी," केटिल म्हणाला. त्यानं रक्ताळलेली बोटं पाठीमागं लपवली.

आजोबांनी ती ओढून पुढं घेतली आणि आपला मफलर त्यांना गुंडाळला. "आणखी थोडी सुटली असती तरी चाललं असतं," ते म्हणाले. "पण झकास केलंत! कावळे आम्हालाही दिसत होते रे. बघितलं फक्त तुम्ही." मग ते सोलरूनकडे वळले. "परत कोण नेणार? तूच ने. मी शेजारी बसतो."

ब्रिन्याच्या मांडीवर मोराचं डोकं होतं. मागं, मेलेल्या मेंढ्यांत, मामा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

बर्फ हटवलेल्या रस्त्यावर आल्यावर मामानंच पंपानं हवा भरली. टायर पुन्हा टणक झाले. डांबर लागलं आणि खिळे कडाकडा वाजू लागले. थेट खोऱ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत आवाज गेला. कुत्री भुंकली. दारं उघडली, माणसं उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

सगळ्या खोऱ्याला कळलं, ग्रीमुर आला.

पहिल्या दारापुढं सोलरूननं गाडी थांबवली. "उतर, मामा," ती म्हणाली.