मोरकड्याची दारू

पूर्वेच्या डोंगरधारेवर तांबडं फुटत होतं, दरीतलं धुकं अजून उठलं नव्हतं, आणि त्या धुक्याखाली पातशाही फौजेच्या राहुट्या मेंढरांच्या कळपागत दाटीनं बसलेल्या होत्या. अशा वेळी मोरकड्याचे कारखानीस हरप्रभू गुप्ते आपल्या घराच्या पायरीवर गुडघे चोळीत बसले होते. गडासाठी धान्य, तेल, दोर, शिसं आणि तोफांची दारू घ्यायची, राखायची नि वाटायची, ती त्यांच्या शिक्क्यानं. सारी हयात त्यात गेली. आता तो शिक्काही हाताला जड लागे.

आत जात्याची घरघर होती, आणि तिच्यावर चिमाबाईंची ओवी:

गड चढता उतरता, माझ्या कंथाचे गुडघे गेले
बाई पायथ्याचे मळे, दुरून हिरवे झाले

"ऐकतो आहे मी," हरप्रभू म्हणाले.

"ऐकावं म्हणूनच गातेय. इनामाचं काय झालं?"

"अर्ज दरबारी रुजू आहे."

"आपली थोरली लेक उजवली तेव्हाही रुजूच होता!"

हरप्रभू हसले. तेवढ्यात किल्लेदारांचा हुजऱ्या बोलवायला आला.

किल्लेदार सुभानराव खराडे सदरेवर एकटेच होते. त्यांनी प्रभूंना जवळ बसवून घेतलं, विडा पुढे केला आणि मऊ आवाजात म्हणाले, "प्रभू, आपण थकलात. पिंपळोलीची विहिरीच्या पाण्याची जमीन आपल्या नावे करावी अशी आमची शिफारस तयार आहे. संध्याकाळी जासूद चोरवाटेनं निघेल."

"धन्याची कृपा."

"मात्र एक करावं. कान्हशेट मोदी दारू घेऊन वर येतो आहे. शत्रू उंबऱ्याशी बसला असता खळखळ नको. मोदी पुढे करील तो बुधला पारखावा, शिक्का करावा, मोकळं व्हावं."

हरप्रभूंनी मान डोलावली. त्या क्षणी त्यांना खरोखर काही नको होतं. पिंपळोलीच्या विहिरीवर पाय सोडून बसावं आणि कुणी काही मागू नये, एवढंच हवं होतं. पण सदरेच्या पायऱ्या उतरताना त्यांना दरवाजातून येणारे मोदीचे बैल दिसले. खाली वेढा घालून बसलेल्या खानाच्या चौक्यांमधून ते आले होते, आणि एकाचीही झूल फाटली नव्हती, दारूच्या एकाही चामडी बुधल्याची दोरी सुटली नव्हती. वेढ्यातून माल असा कधी येतो का?

दारू पारखण्याची मोरकड्याची एक रीत होती. कारखानिसानं सगळ्या शिबंदीसमोर चिमूटभर दारू आपल्या तळहातावर घ्यायची आणि तिला बत्ती लावायची. चांगली दारू भुर्रकन उडून जाते, हाताला ऊब कळायच्या आत. वाईट दारू बसून राहते आणि कातडं जाळते. जो गडासाठी माल घेतो त्यानं तो आधी अंगावर घ्यावा, असा तिचा अर्थ.

चौकात शिबंदी जमली. कान्हशेटनं लाल दोरीचा बुधला पुढे सरकवला.

"याच्यातली घ्या, प्रभूजी. अस्सल माल!"

हरप्रभूंनी त्या बुधल्याकडे पाहिलं, मग लांब श्वास सोडून ते पार मागच्या बैलाकडे गेले. "शेट, पुढची पंगत नेहमीच चांगली जेवते. मला मागची बघू द्या."

त्यांनी चिमूट हातावर ठेवली, बत्ती टेकवली. दारू फुसफुसली, धुरकटली, बसून राहिली.

"हाताला घाम असेल," सुभानराव सदरेवरून म्हणाले. "वय झालं प्रभूंचं."

"वेढ्याला घाबरलं म्हातारं!" मोदी बोलला, आणि चौकात कुणीतरी खिदळलं.

हरप्रभूंनी चुलीतली राख मागवून उजवा हात कोरडा चोळला, सगळ्यांना दाखवला, आणि दुसऱ्या बुधल्यात तो मनगटापर्यंत घालून पसा भरून वर काढला.

"प्रभू, वेड लागलं का!" गोलंदाजांचा नाईक जमालभाई पुढे धावला.

"मागं हो, जमाल. चिमटीवर शंका आली आहे. आता शंका राहायला नको."

त्यांनी बत्ती लावली. ती दारू उडाली नाही. तांबड्या निखाऱ्यासारखी ती त्यांच्या तळहातावर सावकाश जळत राहिली, मांसाचा वास चौकभर पसरला, आणि तो थकला माणूस ओठ दाताखाली धरून हात आडवा धरून उभा राहिला; सगळ्यांनी पाहीपर्यंत त्यानं तो झटकला नाही.

"कोळसा आणि माती!" जमाल ओरडला. "आमच्या तोफा मुक्या करायला आणलंय हे!"

मोदी पळाला तो दरवाजाच्या पहारेकऱ्यांच्या हातांत. सुभानरावांनी तलवारीला हात घातला, पण त्यांचेच हशम आडवे आले. मार बसण्याआधीच मोदी बोलला: तोफा थंड पडल्या की गड खाली करायचा, आणि बदल्यात किल्लेदारांना खानाकडून पाच गावांची जहागीर.

दुपारी खानाची फौज बेधडक दरवाजाखाली आली. कोठारात जुनी दारू होती; दसऱ्याच्या सलामीलाही प्रभूंनी ती हात आखडून दिली होती, म्हणून गड त्यांना कंजूष म्हणे. तीच दारू त्या दिवशी बोलली. चार दिवसांनी वेढा उठला.

हरप्रभूंचा हात मनगटापासून गेला. पिंपळोलीची जमीनही गेली. सुभानरावांच्या शिफारशीचे सगळे कागद दरबारानं संशयित ठरवले, आणि नव्यानं अर्ज करण्याची आज्ञा झाली. चिमाबाईंनी ते ऐकलं आणि जात्यात नवी मूठ टाकली. त्या दिवशी ओवी काही सुचली नाही.

पावसाळ्याआधी नवी दारू वर आली. चौकात पुन्हा शिबंदी उभी राहिली. हरप्रभूंनी मधला एक बुधला निवडला, डाव्या चिमटीत दारू घेतली, आणि अडले. ठेवायला तळहात उरला नव्हता.

जमालभाई पुढे आला आणि त्यानं आपला हात उताणा धरला. त्याच्यामागून दुसऱ्या गोलंदाजानं, मग दरवाजाच्या नाईकानं, मग हशमांनी, अशी हातांची रांगच लागली.

"अरे, हे कारखान्याचं काम आहे. तुमचं नव्हे," हरप्रभू म्हणाले.

"उडवायची आम्हीच ना?" जमाल म्हणाला. "ठेवा, प्रभूजी. हात अवघडला."

हरप्रभूंनी चिमूट त्याच्या तळहातावर अलगद सोडली आणि इतक्या वर्षांत प्रथमच नुसती बत्ती धरली.